नव्या शहरातला इतिहासाचा प्राध्यापक

इतिहास शिकवण्यासाठी वाशीइतके अवघड आणि वाशीइतके समृद्ध ठिकाण शोधून सापडणार नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली आणि तिच्या आरंभीच्या वसाहतींत वाशी उभी राहिली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला. १ जानेवारी १९९२ रोजी महापालिका आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दहून निघालेली लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचली. इथल्या महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या मुलांत एखाद्याचे आजोबा खाडीकाठी भात पिकवत होते, एखादीचे वडील साताऱ्याहून घाऊक बाजारात माथाडी म्हणून आले, तर कुणाचे कुटुंब मुंबईत घर परवडेना म्हणून पूल ओलांडून इकडे आले. अशा वर्गाला इतिहास शिकवणारा माणूस कोणत्या वाटेने तिथे पोहोचतो, त्याची बढती कशावर ठरते आणि त्याच्या हातून समाजाला नेमके काय मिळते, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते.

ते माहीत असायला हवे. कारण महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत वाद-प्रवाद तपासून पाहण्याचे शिक्षण घेतलेला आणि त्यासाठी पगार मिळणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे तिथल्या महाविद्यालयातला इतिहासाचा प्राध्यापक. विद्यापीठांचे विभाग मोजके आणि मोठ्या शहरांत. पुराभिलेखागारे त्याहून मोजकी. महाविद्यालये मात्र गावोगाव आहेत. या माणसाची कारकीर्द आपण कशी बांधतो, यावर त्या त्या परिसराचा इतिहास लिहिला जाणार की विस्मरणात जाणार, हे ठरते.

उंबरठ्यावरची परीक्षा

वाट सुरू होते एम.ए.पासून. इतिहासात किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांतल्या आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. त्यानंतर नेट किंवा सेट. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ मध्ये सुरू झाली. आज ती वर्षातून दोनदा होते आणि डिसेंबर २०१८ पासून राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए ती घेते. पहिली पत्रिका अध्यापन आणि संशोधन यांच्या सामान्य क्षमतेची, ५० प्रश्न आणि १०० गुणांची. दुसरी विषयाची, १०० प्रश्न आणि २०० गुणांची. दोन्ही मिळून तीन तास. इतिहासाच्या पत्रिकेत सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्योत्तर भारतापर्यंत आणि वर इतिहासलेखनशास्त्र, एवढा पल्ला असतो. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरवले जातात, त्यामुळे अभ्यास चांगला होऊनही दोन-तीन वेळा बसावे लागणे नेहमीचेच.

सेट ही राज्याची परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला हिचे मोठे महत्त्व आहे, कारण नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, तर सेटमध्ये इतिहासाचा उमेदवार मराठीतून प्रश्न वाचू शकतो. नेट देशभर चालते, सेट या दोन राज्यांपुरती. ज्याला साताऱ्यात, वाशीत किंवा सावंतवाडीत शिकवायचे आहे, त्याला एवढे पुरते.

पात्रतेच्या या अटीमागे मोठा संघर्ष आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ही परीक्षा नेमणुकीसाठी आवश्यक केली. महाराष्ट्रात मात्र १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसलेले हजारो प्राध्यापक रीतसर नेमले गेले. त्यांची सेवा कोणत्या दिवसापासून धरायची, हा वाद पुढे अनेक वर्षे शासन, प्राध्यापक संघटना आणि न्यायालये यांच्यात चालू राहिला. आज निवृत्तीला आलेल्या अनेक प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनावर त्या तारखांची सावली आहे.

पीएच.डी.चा नियमही सतत बदलत आला. आयोगाच्या २०१८च्या नियमांनी विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली होती. ती तारीख २०२३ पर्यंत पुढे गेली आणि २०२३ मध्ये ही सक्ती काढून किमान पात्रता नेट-सेटच ठेवण्यात आली. एम.फिल. ही पदवी २०२२च्या नियमांनी बंद झाली. म्हणजे २०१० मध्ये एम.ए. झालेला, २०१६ मध्ये झालेला आणि २०२३ मध्ये झालेला अशा तीन विद्यार्थ्यांनी तीन वेगळ्या वाटांची तयारी केली. ज्या पेशात माणूस तिशी ओलांडल्यावर कायम होतो, तिथे वाट इतक्यांदा वळवणे तरुणांवर अन्याय करणारे आहे.

पद कसे निर्माण होते

पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. पद निर्माण होते ते कार्यभारातून. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने १४, असा आयोगाचा दंडक आहे. अनेक महाविद्यालयांत एक तासिका ४८ मिनिटांची असते. त्या हिशेबाने १६ तासांच्या २० तासिका होतात. इतिहासाच्या सगळ्या वर्गांच्या तासिकांची बेरीज एका पूर्ण पदाएवढी भरली, तरच अनुदानित पद मागता येते.

वाशीसारख्या शहरात हाच पहिला अडसर आहे. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय असो, मोतीलाल झुनझुनवाला महाविद्यालय असो किंवा आजूबाजूची इतर महाविद्यालये, या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांचा ओढा वाणिज्य, व्यवस्थापन, संगणक आणि विज्ञान यांच्याकडे. कला शाखा लहान आणि त्यात इतिहास घेणारे त्याहून थोडे. मुले कमी झाली की तासिका कमी होतात, तासिका कमी झाल्या की पद डळमळते. त्यामुळे इतिहासाच्या प्राध्यापकाला दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसून पालकांना समजावून सांगावे लागते की हा विषय घेऊनही पुढे स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, कायदा, पर्यटन, संग्रहालये अशा वाटा आहेत.

कार्यभार सिद्ध झाल्यावर शासनाची ना हरकत लागते. बिंदुनामावली, म्हणजे राखीव पदांची क्रमवारी, तपासून आरक्षण निश्चित होते. या भागाचे उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय पनवेलला आहे, तिथे प्रस्ताव फिरतो. मग जाहिरात, छाननी आणि निवड समिती. समितीत संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, विद्यापीठाने पाठवलेले विषयतज्ज्ञ आणि कुलगुरू व शासन यांचे प्रतिनिधी असतात. २०१८च्या नियमांत महाविद्यालयीन उमेदवारांच्या छाननीसाठी १०० गुणांचा तक्ता आहे. पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तर पदवीला २५, पीएच.डी.ला २५, नेट आणि संशोधनवृत्ती दोन्ही असल्यास १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन याप्रमाणे १०, प्रकाशनांना ६ आणि पुरस्कारांना ३. मुलाखतीला कुणाला बोलवायचे एवढ्यासाठीच हा तक्ता आहे. अंतिम निवड मुलाखतीत होते.

या प्रक्रियेला वर्षे लागतात आणि मधल्या काळात वर्ग चालवतात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, म्हणजे सीएचबी. त्यांना महिन्याचा पगार नसतो. शिकवलेल्या तासिकेमागे मानधन मिळते. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यांत तासिका नसतात, म्हणून मानधनही नसते. सकाळी वाशी, दुपारी पनवेल, संध्याकाळी चेंबूर अशी धावपळ करणारे नेट-सेट, पीएच.डी. झालेले तरुण या पट्ट्यात बरेच दिसतात. त्यांच्याकडून संशोधन होत नाही, यात नवल काय? पुराभिलेखागार उघडे असते त्या वेळेत ते कुठल्या ना कुठल्या वर्गात उभे असतात. मराठी मुलुखात इतिहासाच्या संशोधनाची जी पीछेहाट आपल्याला जाणवते, तिचे मोठे कारण मला या व्यवस्थेत दिसते. माणसाची उमेदीची दहा वर्षे आपण तासिकांच्या हिशेबात घालवतो आणि मग त्याच्याकडून ग्रंथाची अपेक्षा करतो.

पायऱ्या आणि गुण

कायम नेमणूक झाली की सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे स्तर १० मध्ये ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळालेले नाही, त्यांना अंशदायी योजना लागू झाली. पुढची वाटचाल कॅसने, म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट योजनेने होते. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी स्तर ११ (६८,९०० रुपये), आणखी पाच वर्षांनी स्तर १२ (७९,८०० रुपये), त्यानंतर तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, स्तर १३ए (१,३१,४०० रुपये), आणि पुढे तीन वर्षांनी प्राध्यापक, स्तर १४ (१,४४,२०० रुपये). बेरीज १५ वर्षे. पीएच.डी. नसेल तर पहिली पायरी चढायला सहा वर्षे लागतात आणि स्तर १२ वर माणूस थांबतो, कारण सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागतेच. स्तर १२ आणि १३ए यांतला पगाराचा फरक मोठा आहे. पन्नाशीला आलेले प्राध्यापक प्रबंध पूर्ण करण्यासाठी का धडपडतात, ते इथे उमगते.

सहयोगी प्राध्यापकापर्यंतच्या पायऱ्यांसाठी उजळणी आणि उद्बोधन वर्ग पूर्ण करावे लागतात. १९८७ पासून विद्यापीठांतली ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे हे वर्ग घेत. पुढे त्यांची नावे बदलत गेली आणि २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाखाली हे काम चालते. इतिहासाच्या प्राध्यापकासाठी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी वर्ग, हे मोठे निमित्त असते. नांदेड, रत्नागिरी, जळगाव, पणजी इथले समविषयी एकत्र येतात, एकमेकांचे काम ऐकतात आणि बऱ्याच संशोधन-मैत्र्या तिथेच जुळतात.

प्राध्यापक या वरच्या पायरीसाठी २०१८च्या नियमांनी दहा शोधनिबंध आणि किमान ११० संशोधन-गुण मागितले. हे गुण कसे मिळतात, ते पाहण्यासारखे आहे. मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला मानव्यशाखेत १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या संपूर्ण ग्रंथालाही १०. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १२. संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाला ५. ग्रंथाच्या अनुवादाला ८. मार्गदर्शनाखाली एक पीएच.डी. पूर्ण झाली तर १०.

इतिहासात दप्तरे चाळून, मोडी वाचून, गावे फिरून एका ग्रंथाला सहज सात-आठ वर्षे जातात. बारा पानांचा निबंध सहा महिन्यांत होतो. दोहोंना सारखेच गुण असतील, तर शहाणा माणूस काय करील? निबंधच लिहील. आणि त्यातूनच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी सुरू केली आणि २०२५ मध्ये ती बंदही केली. गुणतक्ता नैसर्गिक विज्ञानांना सोयीचा वाटेल. तिथे शोध निबंधातूनच जाहीर होतो. इतिहासात मात्र मोठा युक्तिवाद उभा करायला ग्रंथाची ऐसपैस जागा लागते. हा फरक ओळखल्याशिवाय केलेला कोणताही तक्ता इतिहासाच्या प्राध्यापकाला चुकीच्या कामाला लावणार.

दिवस कसा जातो

वर्गातल्या तासिका हा कामाचा दिसणारा भाग. त्याखेरीज प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, प्रकल्पांचे मूल्यमापन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, प्रवेश समिती, शिस्तपालन समिती आणि नॅकची कागदपत्रे. नॅक ही मूल्यांकन संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या भेटीची तयारी चालू असताना दोन-दोन वर्षे विभागाचे अहवाल, छायाचित्रे, उपस्थितिपत्रके गोळा करण्यात जातात. इतिहासाचा विभाग अनेक ठिकाणी एकाच माणसाचा असतो. विभागप्रमुख तोच, सदस्य तोच, लिपिकही तोच.

वाशीहून मुंबईत जाऊन कागद पाहायचे तर काय करावे लागते? महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. त्याची सुरुवात १८२१ ची. हार्बर मार्गाच्या लोकलने पाऊण-एक तास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत आणि मग पायी काळा घोडा. सकाळच्या तासिका संपवून निघाले तर हातात दोन-अडीच तास उरतात. यादी मागवणे, दप्तर येणे, कागद उलगडणे यांत त्यातलेही बरेच जातात. पेशवे दप्तरासाठी पुण्याला जावे लागते, त्याला सुट्टीच हवी. म्हणून खरे संशोधन दिवाळीत आणि मे महिन्यात होते आणि नेमक्या त्याच काळात उत्तरपत्रिका तपासण्याचे कामही येऊन ठेपते.

मोडीचे शिक्षण हा आणखी एक कच्चा दुवा. मराठ्यांचा इतिहास म्हणजे बव्हंशी मोडी कागद आणि मध्ययुगासाठी फारसीही हवी. एम.ए.च्या अभ्यासक्रमात या लिप्यांना पुरेसा वेळ नसतो. पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात, हौशी माणसे आणि विद्यार्थी तिथे शिकतात. पण मोडी वाचता येणे ही नेमणुकीची अट नाही आणि तक्त्यात तिला एकही गुण नाही.

आधी होऊन गेलेले

हा पेशा इतका बांधीव नव्हता तेव्हा कोण कसे घडले, तेही पाहायला हवे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये आले. बार्सिलोनाजवळून आलेल्या या जेझुइट धर्मगुरूला कोणता इतिहास शिकवणार असे विचारले, तेव्हा त्यांनी भारताचा असे उत्तर दिले आणि भारताच्या इतिहासाबद्दल काय माहीत आहे, यावर काहीच नाही, पण शिकून घेईन, असे सांगितले, अशी आठवण नोंदलेली आहे. त्यांनी खरेच शिकून घेतले. १९२६ मध्ये महाविद्यालयातच संशोधन संस्था काढली, नाणी, मूर्ती आणि हस्तलिखिते जमवली, १९२७ मध्ये विजयनगरच्या अरविडू घराण्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराईस यांनी कदंबांचा इतिहास लिहिला. १९५५ मध्ये हेरास गेले. १९८१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. पदवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या महाविद्यालयातही संशोधनाची परंपरा रुजू शकते, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना ग्रंथालय, जागा आणि वेळ मिळाला होता.

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. तरी १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा त्यांना मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापन सोपवण्यात आले. १९४६ मध्ये त्यांचा पानिपतावरचा ग्रंथ आला. शिवाजी महाराजांवरच्या त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामातून निघालेल्या ग्रंथाला मरणोत्तर, १९६६ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आजच्या नियमांत शेजवलकरांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. नियम नकोत, असे यावरून ठरत नाही. नियम नसलेल्या काळात वशिला आणि जात यांचा किती जोर होता, हे विसरून चालणार नाही. परीक्षा आणि आरक्षण आल्यामुळेच ज्यांच्या घरात आधी कुणी पदवीधर नव्हते, अशी मुले-मुली प्राध्यापक झाली. शेजवलकरांचे उदाहरण सांगते ते एवढेच, की दप्तरात मुरलेल्या माणसाची पारख करण्याची काही सोय व्यवस्थेत असली पाहिजे.

न्यू पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या स. प. महाविद्यालयात, शिकवणारे दत्तो वामन पोतदार हे भारत इतिहास संशोधक मंडळाचे आधारस्तंभ. १९३५ मध्ये मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात जी परिषद भरली, तिच्यातून आजची भारतीय इतिहास परिषद, म्हणजे इंडियन हिस्टरी काँग्रेस, वाढली. कोल्हापुरात महाविद्यालयीन अध्यापन करणारे डॉ. जयसिंगराव पवार यांनी राजर्षी शाहूंच्या चरित्राची साधने आयुष्यभर जमवून स्मारक ग्रंथ सिद्ध केला. आणि खाडीच्या वरच्या अंगाला, ठाण्यात, डॉ. दाऊद दळवी यांनी विद्यार्थ्यांना किल्ले आणि लेणी दाखवत ‘असे घडले ठाणे’ हा शहराचा इतिहास लिहिला. कोकण इतिहास परिषदेचे ते अध्यक्ष होते. या सगळ्यांत एक धागा समान आहे. ज्या गावात शिकवले, त्या गावाचे किंवा त्या मुलुखाचे कागद आणि दगड त्यांनी आपले मानले.

वाशीचे दप्तर

नवी मुंबईला असा इतिहासकार हवा आहे आणि त्याच्यासाठी साधनांची वाण नाही. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर खाडीकाठची गावे, मिठागरे, भातशेती आणि बंदरे यांचे वर्णन देते. बेलापूरचा किल्ला पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या तिन्ही सत्तांची आठवण जपून आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. त्यानंतरचे सिडकोचे आराखडे, भूसंपादनाचे निवाडे, सातबारे, फेरफार हे सगळे लिखित साधन आहे.

पण या शहराचा निम्मा इतिहास कागदाबाहेर आहे. वाशीगाव, जुहूगाव, कोपरी, तुर्भे, सानपाडा, सारसोळे, दिवाळे या गावांतल्या आगरी-कोळी घरांत ज्यांनी स्वतः बांध घातले, जाळी टाकली, ती पिढी आता थकली आहे. आगरी लग्नातले धवळे गाणाऱ्या धवलारणींकडे नातेसंबंधांची, गावांची, दैवतांची स्मृती आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. वर्गात बसलेल्या काही मुलांच्या घरात ही आठवण जिवंत असते. पाठ्यपुस्तकात ती एका ओळीपुरतीही क्वचित भेटते.

दुसरी मोठी स्मृती बाजाराची. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मुंबईतले घाऊक बाजार १९८०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशीला आले आणि त्यांच्या मागोमाग साताऱ्याकडचे माथाडी कुटुंबकबिल्यासह कोपरखैरणे, घणसोली भागात वसले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय वाशीत असणे आणि त्याच साताऱ्याच्या मातीतली माणसे बाजारात ओझी वाहत असणे, या गाठीवर एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

हे काम कसे करावे, याचे शास्त्र आहे. आठवण टिपताना सांगणाऱ्याची संमती घ्यायची, ध्वनिमुद्रण करायचे, साल आठवत नसेल तर पूल झाला तेव्हा, रेल्वे आली तेव्हा, असा आधार देऊन काळ ठरवायचा. एकाच घटनेबद्दल तीन वेगळ्या घरांत विचारायचे. मग ते निवाडे, फेरफार आणि त्या काळची वर्तमानपत्रे यांच्याशी ताडून पाहायचे. आठवण आणि कागद यांचा मेळ बसला नाही, तर तो विसंवाद लपवायचा नाही, त्याचे कारण शोधायचे. मोजणीत जमीन कमी लागली असेल, कुळाचे नाव चढलेच नसेल, बाईचा वाटा कागदावर आलाच नसेल. पदवीच्या विद्यार्थ्याला ही पद्धत एकदा हाती लागली, की व्हॉट्सॲपवर आलेल्या ऐतिहासिक दाव्याला तो आपोआप विचारतो की याला पुरावा काय? इतिहासाच्या शिक्षणाचे याहून मोठे फळ नाही.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या श्रेयांकांत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना स्वतंत्र जागा मिळाली आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाने ही जागा हक्काने घ्यावी. दरवर्षी वीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन मुलाखती टिपल्या, तर पाच वर्षांत दोनशे मुलाखतींचा संग्रह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा होईल. सानपाड्याची मुलगी माथाडी वस्तीत जाईल, कोपरखैरण्याचा मुलगा दिवाळे कोळीवाड्यात बसेल आणि दोघांना एकमेकांचे शहर कळेल.

काय बदलायला हवे

माझ्या मते चार गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला किमान पूर्ण शैक्षणिक वर्षाचे ठरावीक वेतन मिळावे, म्हणजे सुट्टीत तो पुराभिलेखागारात बसू शकेल. इतिहासासाठी ग्रंथाचे गुण निबंधाच्या कितीतरी पट असावेत आणि मराठीतल्या ग्रंथाला कमी लेखले जाऊ नये. साधनांचे संपादन, मोडी कागदांचे लिप्यंतर, मौखिक इतिहासाचा संग्रह उभारणे यांना बढतीच्या तक्त्यात स्पष्ट स्थान मिळावे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला, तसले काम आज तक्त्याच्या नजरेत भरत नाही. आणि जिथे इतिहासाचा एकच प्राध्यापक आहे, तिथे शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक संशोधन गट आणि एक सामायिक संग्रह चालवावा. वाशी, नेरूळ, ऐरोली, पनवेल एवढ्या अंतरात ते सहज जमेल.

शासन आणि आयोग हे करतील तेव्हा करतील. महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेला मात्र आजपासून दोन गोष्टी करता येतील. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या तासिका आठवड्यातून एक दिवस मोकळा राहील अशा लावता येतील आणि ग्रंथालयात एक कपाट नवी मुंबईच्या कागदांसाठी राखून ठेवता येईल. नागरिकांनाही करण्याजोगे आहे. घरात जुना निवाडा, मीठ उत्पादनाचे हिशेब, माथाडी मंडळाचे कार्ड, सिडकोशी झालेला पत्रव्यवहार असेल, तर तो रद्दीत न घालता जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखवावा, निदान त्याची छायाप्रत तरी द्यावी.

आणि जी मुले एम.ए. इतिहास करून या वाटेने येऊ पाहतात, त्यांना सांगायचे ते असे. नेट-सेटची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून करा. त्याच वर्षी मोडी शिका, कारण नोकरी लागल्यावर तेवढा वेळ सापडत नाही. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात, म्हणून विषय असा निवडा की त्याची साधने तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असतील आणि तुम्हाला दर आठवड्याला त्यांच्याकडे जाता येईल. गुणतक्ता समजून घ्या, तो टाळता येणार नाही. पण तुमच्या गावाचा जो ग्रंथ दुसरे कुणीच लिहिणार नाही, तो पंधरा वर्षांच्या या प्रवासात तुम्ही लिहा. बढतीचे गुण निवृत्तीपर्यंत कामाला येतात, त्या ग्रंथावर पुढच्या कित्येक पिढ्या आपले म्हणणे तपासून पाहतील.